परसातल्या फळझाडांवरची अळी: आधी ओळखा, मग पाकीट उघडा

परसात एक लिंबू, दोन पेरू, एखादे डाळिंब आणि कोपऱ्यात आंबा, एवढाच पसारा असेल तर अळीच्या बंदोबस्ताला वर्षाकाठी पाचशे ते हजार रुपये पुरतात. बऱ्याच घरी तेवढेही लागत नाहीत. खर्च वाढतो तो अळी न ओळखता औषध आणल्यामुळे. कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘अळीचे औषध द्या’ एवढेच म्हणालात, तर समोर येते ती कापसा-सोयाबीनवर खपणारी बाटली, एकराच्या मापाची. तुम्हाला त्यातले पाच मिली लागते. उरलेले विष मुलाबाळांच्या घरात वर्षभर पडून राहते.

म्हणून आधी पाहणी. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी किंवा रात्री बॅटरी घेऊन झाडाजवळ जा. झाडाखाली मोहरीएवढ्या ते मिऱ्याएवढ्या हिरव्या-काळ्या लेंड्या दिसल्या तर वर पाने खाणारी अळी आहे. लेंड्या ताज्या आणि ओल्या असतील तर ती अजून तिथेच आहे. वाळलेल्या असतील तर अळी कोषात गेली, आता फवारून उपयोग नाही. मोबाइलवर तीन फोटो काढा: अळीचा जवळून, नुकसानीचा, आणि पूर्ण झाडाचा. पुढे कोणालाही विचारायचे झाले तर हे तीन फोटो लागतातच.

लिंबू आणि कढीपत्ता

सर्वाधिक तक्रारी इथल्या. कोवळी पालवी फुटली की लिंबाचे फुलपाखरू पानांवर एकेक पिवळसर अंडे घालते. लहानपणी अळी काळपट-पांढरी, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि म्हणूनच नजरेतून सुटते. मोठी झाली की हिरवीगार, बोटभर. डिवचली तर डोक्यामागून नारिंगी-तांबडे दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ती चावत नाही, अंगाला खाजही आणत नाही. बेलाच्या झाडावरही हीच सापडते.

उपाय: हाताने वेचा. खर्च शून्य. पालवी असताना एक दिवसाआड पाच मिनिटे पुरतात. साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकल्या की काम झाले. ही अळी दोन-तीन आठवडे खाते, त्यामुळे पालवीच्या महिनाभरात लक्ष दिले की बाकी वर्ष मोकळे. जोर जुलै-ऑगस्टला आणि पुन्हा पाऊस सरताना येणाऱ्या पालवीवर असतो.

रोप दोन वर्षांच्या आतले असेल तरच घाई करा, कारण चार-पाच मोठ्या अळ्या अख्खे रोप बोडके करतात. झाड डोक्याच्या वर गेले असेल तर माझा सल्ला सरळ आहे: काहीही करू नका. मोठे लिंबू दहा-वीस अळ्या सहज पोसते आणि पुन्हा फुटते. शिवाय 2015 मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताच्या अळ्याही लिंबू-पपनसाच्याच पानांवर वाढतात. रोपावरून उचललेली अळी मोठ्या झाडावर नेऊन सोडली तरी चालते.

पानावर चंदेरी, नागमोडी रेघा आणि पान चुरगळलेले असेल तर ती नागअळी. ती पानाच्या पापुद्र्याखाली राहते, त्यामुळे वेचता येत नाही आणि वरवरचे औषध तिच्यापर्यंत पोहोचतही नाही. जी पाने आधीच वाकडी झाली त्यांच्यावर फवारणे म्हणजे पैसे पाण्यात. पुढची पालवी बोटाच्या पेराएवढी असताना निंबोळी अर्क मारा, आठवड्याने पुन्हा एकदा. खराब पाने सरसकट तोडू नका, त्यांचा हिरवा भाग झाडाला अन्न देतच असतो. मात्र त्याच पानांवर खरबरीत तपकिरी फोड असतील तर तो खैऱ्या रोग आहे. नागअळीच्या जखमांतून तो शिरतो. तशा फांद्या काढून टाका. अळीचे कोणतेही औषध त्यावर चालत नाही.

पेरूतली अळी

पिकलेला पेरू कापल्यावर आत वळवळणारे पांढरे किडे दिसतात. घराघरांत त्यांना अळीच म्हणतात, पण ती फळमाशीची पिल्ले. खूण सोपी: पाय नाहीत, वेगळे डोके दिसत नाही, आणि टेबलावर ठेवले तर टुणकन उडी मारतात. खऱ्या अळीला छातीशी पायांच्या तीन जोड्या असतात. हा फरक पैशांचा आहे, कारण अळीसाठी घेतलेली जैविक पावडर फळमाशीवर काडीचे काम करत नाही.

पेरू-आंब्याच्या फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचा सापळा घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा प्रसिद्ध आहे; इतरही मिळतात. दर साधारण 60 ते 150 रुपये, परसाला एक-दोन पुरे. फळ पिकायच्या आधी, डोक्याच्या उंचीवर, सावलीत टांगा. खर्च लपतो तो आतल्या वडीत: तिचा वास महिना-दोन महिन्यांत उतरतो आणि नवी घ्यावी लागते. घेतानाच विचारा, वडी सुटी मिळते का? मिळत नसेल तर तो सापळा घेऊ नका. आणखी एक: सापळ्यात फक्त नर येतात. गळलेली फळे तशीच सडू दिली तर सापळ्याचा खर्च वाया. रोज वेचा, जाड पिशवीत गाठ मारून आठवडाभर उन्हात ठेवा, मगच फेका. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका.

फळे मोजकी असतील तर सगळ्यात खात्रीचा मार्ग पिशवी. पेरू लिंबाएवढा झाला की फोमची जाळी आणि वर पिशवी. दोन्ही मिळून फळामागे दोन-चार रुपये. जुन्या वर्तमानपत्राची पिशवी फुकट, फक्त पावसात टिकत नाही.

डाळिंबाला भोक

फळाला गोल छिद्र, त्यातून विष्ठा बाहेर आलेली, सडका वास: ही फळ पोखरणारी अळी. शेतकरी तिला सुरसा म्हणतात. एकदा ती आत गेली की कोणतेही फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. दुकानदार काहीही म्हणो, भोक पडलेले फळ वाचत नाही. ते तोडून नष्ट करा, नाहीतर अळी शेजारच्या फळात जाते. उरलेल्यांना कागदी किंवा जुन्या सुती कापडाची पिशवी बांधा. फळ सुपारीएवढे असतानाच बांधलेली बरी, कारण फुलपाखरू अंडी फुलांच्या आणि कोवळ्या फळांच्या अंगावरच घालते. तीस फळांना शंभर रुपयेही लागत नाहीत.

चिकूत बी पोखरणारी अळी असते. ती आत असली तरी फळ बाहेरून चांगले दिसते आणि काढणीच्या सुमारास छोटे भोक पडते. घरच्या एका झाडासाठी फवारणी करत बसू नका. गळलेली आणि भोक पडलेली फळे रोज उचलून जमिनीत खोल पुरा. आंब्याच्या कोवळ्या शेंड्याचा अचानक माना टाकलेला गुच्छ दिसला तर आत शेंडा पोखरणारी अळी आहे. वाळल्या जागेच्या चार बोटे खाली कात्रीने छाटा आणि शेंडा जाळा. झाले.

खोडावर जाळी, फांदीच्या बेचक्यात भोक

ही दुर्लक्षित राहते आणि नंतर महाग पडते. पेरू, आंबा, जांभूळ, शेवगा यांच्या खोडावर भुश्शाची, विष्ठेची आणि रेशमाची तपकिरी, नागमोडी जाळी दिसते. घाण समजून लोक ती तशीच सोडतात. खाली साल खाणारी अळी असते: दिवसा भोकात, रात्री जाळीच्या आडोशाने साल खात. एका वर्षात तिची एकच पिढी होते. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंडी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत जाळ्या ठळक. तेव्हाच गाठा.

ताठ तारेच्या किंवा सायकलच्या स्पोकच्या टोकाने भोक खरवडा, अळी टोचली जाते. आधी ब्रशने जाळी साफ करा, म्हणजे भोके दिसतील. पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा भोकात सारा, वरून चिखलाने लिंपा. थेंबभर पेट्रोल पुरते. विडी-काडी जवळ नको, मुले लांब. आठ दिवसांनी पाहा: ताजा भुसा नसेल तर काम फत्ते, असेल तर पुन्हा. खर्च वीस-तीस रुपयांत.

याच कामाचे माळी झाडामागे तीनशे-पाचशे सांगतात आणि बहुतेकदा करतात काय, तर खोडाला गेरू-चुना किंवा बोर्डो पेस्ट लावतात. बोर्डो पेस्ट बुरशीसाठी असते. आतली अळी तिने मरत नाही. रंगवलेले खोड छान दिसते, पैसेही जातात, आणि अळी आत साल खात राहते.

जुन्या माहितीपत्रकांत भोकात डायक्लोरव्हॉस सोडायला सांगितलेले आढळते. भारतात त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. कोणी जुनी बाटली काढून देत असेल तर घेऊ नका.

जाळी नाही, नुसता जाड भुसा भोकातून गळतोय, खोडातून चीक येतोय, तर ती साल खाणारी अळी नसून भिरूड, म्हणजे भुंगेऱ्याची अळी आहे. आंबा-फणसाचे मोठे झाड तिने जाऊ शकते. इथे स्वतः प्रयोग करू नका, कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

अंगाला लागणारी अळी

शेवग्याच्या खोडावर दिवसा झुबक्याने बसलेले केसाळ सुरवंट आणि आंब्या-नारळाच्या पानांवरची हिरवी काटेरी अळी, या दोन्हींना हात लावू नका. लागलीच तर चोळू नका. त्या जागेवर सेलोटेप चिकटवून झटक्यात ओढा, दोन-तीनदा नवी पट्टी घेऊन. केस निघाले की साबणाने धुवा, कपडे वेगळे भिजवा. डोळ्यात गेले तर थेट डॉक्टर. सुरवंटांच्या झुबक्यावर कडक साबणपाणी मारा, खराट्याने पाडा, गाडा. पलित्याने जाळायची जुनी रीत आहे, पण साल भाजते. परसात ती नकोच.

विकत घ्यायचेच असेल तर

पाने खाणाऱ्या लहान अळ्यांसाठी पहिली निवड बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस कुर्स्टाकी. दुकानात नुसते ‘बीटी’ म्हणाल तर कापसाचे बियाणे दाखवतील. ‘अळीसाठीची जैविक बीटी पावडर’ म्हणा. 100 ग्रॅमचा पुडा साधारण दीडशे ते चारशे रुपये. लिटरला एक-दोन ग्रॅम लागते, म्हणजे पुडा परसाला दोन हंगाम पुरेल. पण मुदत पाहा: उन्हात पडलेल्या किंवा मुदत सरत आलेल्या पुड्यात जिवंत काही उरत नाही. ही पावडर अळीच्या पोटात गेली तरच काम करते. तासाभरात अळी मेली नाही म्हणून दुसरे औषध आणू नका. ती आधी खाणे सोडते, मग दोन-तीन दिवसांत मरते. संध्याकाळी फवारा, उन्हाने ताकद जाते. बोटभर मोठ्या अळीवर मात्र फारसे चालत नाही, ती वेचाच.

दुसरी निवड कडुनिंबाची. बाजारातल्या बाटलीवर अ‍ॅझाडिरेक्टिनचे प्रमाण छापलेले असते: 300, 1500 किंवा 10000 पीपीएम. स्वस्त बाटली बहुधा 300 ची निघते आणि ती लिटरला कितीतरी जास्त लागते. तेव्हा बाटलीच्या किमतीऐवजी एक लिटर फवाऱ्याला किती रुपये पडतात ते पाहा. 100 मिलीला शंभर ते अडीचशे रुपये हा ठोकळ दर. पूजेच्या किंवा केसांच्या कडुनिंब तेलावर हे प्रमाण लिहिलेले नसते. ते यासाठी घेऊ नका.

दोन लिटरचा हातपंप तीनशे ते सहाशे रुपयांना मिळतो. वॉशर सुटा मिळणाराच घ्या. तणनाशक मारलेला पंप यासाठी कधीही वापरू नका.

आता बिलाकडे. छापील किमतीत कर धरलेला असतो, वर ‘जीएसटी वेगळा’ लावता येत नाही. ‘यासोबत टॉनिक घ्या, स्टिकर घ्या, ह्यूमिक घ्या’ हा नेहमीचा जोड असतो. अळीसाठी यातले काहीच लागत नाही, चिकटण्यासाठी चिमूटभर साबण पुरतो. सुटे औषध, पाण्याच्या बाटलीत भरून दिलेले, कितीही स्वस्त असो, नाही म्हणा. पक्के बिल मागा, त्यावर बॅच क्रमांक हवा. कीटकनाशक विकायला परवाना लागतो, तो दुकानात लावलेला असतो. बिल नाकारले किंवा मुदतबाह्य माल दिला तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. जादा पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

ऑनलाइन दोन वस्तू जोरात खपतात. एक निळा दिवा, म्हणजे प्रकाश सापळा. लिंबाचे फुलपाखरू दिवसा उडते, रात्रीच्या दिव्याला ते येणारच नाही. दुसरी वस्तू कामगंध सापळा. त्यातली गोळी एकाच जातीच्या पतंगासाठी असते. बोंडअळीची गोळी लावून डाळिंबाची सुरसा सापडत नाही.

कीटक नियंत्रणवाल्यांचे ‘गार्डन पॅकेज’ शहरात एका फेरीला आठशे ते दोन हजार रुपयांच्या घरात असते. त्यात औषध धरले आहे का, शिडीचे वेगळे का, दुसरी फेरी फुकट का, हे आधी लेखी घ्या. औषधाचे नाव विचारा आणि मूळ बाटली पाहा. नाव सांगत नसतील तर काम देऊ नका. वार्षिक करार तर करूच नका. अळी पालवीच्या काळात येते, दरमहा फवारायला काही नसते.

रासायनिक औषध कधी?

घरच्या झाडावर शक्यतो नाही. फारच गरज पडली तर डब्यावरचा त्रिकोण पाहा: हिरवा सर्वांत कमी विषारी, मग निळा, मग पिवळा, आणि लाल सर्वांत घातक. पिवळा-लाल परसात आणूच नका. लेबलवर तुमच्या झाडाचे नाव आणि फवारणीनंतर किती दिवस फळ खायचे नाही ते लिहिलेले असते. नाव नसेल तर ते औषध त्या झाडासाठी नाही. फुलोऱ्यात फवारू नका, मधमाश्या मरतात. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, वारा येतो त्या बाजूला पाठ. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हा हे नियम कागदापुरते समजू नका. मळमळ, घाम, धूसर दिसणे सुरू झाले तर 108 ला फोन करा आणि डबा दवाखान्यात सोबत न्या.

फांदी किंवा झाड तोडायचे असेल तर

कीड लागलेला शेंडा छाटायला कोणाची परवानगी लागत नाही. मोठी फांदी किंवा झाड मात्र स्वतःच्या अंगणातले असले तरी परस्पर तोडू नका. महाराष्ट्राच्या शहरी भागात 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. अर्ज नगरपालिका-महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे. ग्रामीण भागात 1964 च्या कायद्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच आहेत. गोव्यात 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा. अर्जासोबत बहुतेक ठिकाणी झाडाचे फोटो, मालमत्ता कराची पावती किंवा सातबारा, आणि सोसायटी असेल तर तिचे पत्र लागते. शुल्क आणि अनामत जागोजागी वेगळी, म्हणून खिडकीवर दरपत्रक पाहूनच भरा. ‘परवानगीचे मी बघतो’ म्हणून पैसे घेणाऱ्या ठेकेदाराकडून परवानगीची प्रत आधी मागा. दंड झाला तर तो तुमच्या नावावर येतो.

विचारायचे कुठे, तेही फुकट

किसान कॉल सेंटर, 1800-180-1551, सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत बोलता येते. शेती नसली तरी विचारा. त्याहून चांगले म्हणजे जवळचे कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी महाविद्यालय: पुण्यात शिवाजीनगर, डहाणूकडे कोसबाड, गोव्यात जुने गोवे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार विद्यापीठे तर आहेतच. जाताना अळी भोके पाडलेल्या झाकणाच्या डबीत, दोन पानांसह न्या. नुसत्या वर्णनावर अंदाज होतात. सुट्टी टाळून कामाच्या दिवशी सकाळी जा.

आणि निंबोळी अर्क विकत घेऊ नका. जून-जुलैत कडुनिंबाखाली सडा पडतो. निंबोळ्या वेचा, गर धुऊन सावलीत वाळवा, सुती पिशवीत टांगून ठेवा. लागेल तेव्हा सोलून आतल्या गराची पावडर करा. लिटरला 50 ग्रॅम, रात्रभर भिजत, सकाळी फडक्याने गाळून, चिमूटभर साबण घालून त्याच दिवशी फवारा. उरलेला अर्क दुसऱ्या दिवशी कामाचा राहत नाही. शेजारच्या दोन घरांनाही एकाच वेळी फवारायला सांगा, नाहीतर त्यांच्या लिंबावरचे फुलपाखरू आठवड्यात तुमच्याकडे अंडी घालते.